इम्प्लांट केलेला कान ठणकतोय, डॉक्टर म्हणतात दोन दिवस बघू. थांबू का?

सांगलीची_आई | सोमवार, रात्री १०:४०

कुणी जागं असेल तर प्लीज लवकर सांगा. मुलगी २ वर्षं ८ महिन्यांची आहे, उजव्या कानाचं, ऐकू येण्यासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट पुण्यात झालं त्याला आज बरोबर ७ आठवडे झाले. मशीन चालू करून महिनाच होतोय. शनिवारपासून सर्दी होती, काल रात्रीपासून ताप १०१ आणि उजव्या कानाकडे सारखा हात नेतेय, त्या कुशीवर झोपवलं की किंचाळून उठते. संध्याकाळी इथल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी घसा बघितला, कानात टॉर्च मारला आणि म्हणाले सर्दीमुळे कान दुखतोय, तापाचं औषध द्या, दोन दिवस बघू, लहान मुलांचे कान असेच दुखतात. मी म्हटलं इम्प्लांट आहे हो तिला, तर म्हणाले त्याचा याच्याशी संबंध नाही.

सासूबाई म्हणतायत लसूण घालून तेल कोमट करून दोन थेंब टाकू, आमच्या घरात सगळ्यांचे कान त्यानेच बरे झालेत. मी अजून हात लावू दिला नाहीये. एक गोष्ट मात्र अशी की मशीन लावलं की ऐकू येतंय तिला, आत्ताच कुकरची शिट्टी झाली तर वळून बघितलं. म्हणजे आतलं सगळं ठीक असेल ना? का उगाच घाबरतेय मी?

---

मिठूची_आई | सोमवार, रात्री १०:५२

ताई आधी फोन उचला आणि ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांच्या टीमला लावा, आत्ता, सकाळी नाही. डिस्चार्ज कार्डावर इमर्जन्सी नंबर असतो. नाही लागला तर ऑडिओलॉजिस्टला लावा, त्या सर्जनपर्यंत पोचवतील. तेल अजिबात नको, सासूबाईंना सांगा की पडद्याला भोक पडलं असेल तर तेल थेट आत जाईल.

कानामागे बघा. लाली, सूज, हात लावला की रडणं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, यातलं काही आहे का ते लिहा. बाकी मग बोलू.

---

सांगलीची_आई | सोमवार, रात्री ११:०५

कानामागे सूज नाही वाटत, टाक्यांची जागा पण नेहमीसारखीच आहे. नंबर लागत नाहीये, ऑडिओलॉजिस्ट मॅडमना मेसेज टाकलाय.

---

वाचा_श्रवण | सोमवार, रात्री ११:१२

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांचं मॅपिंग (म्हणजे मशीनची सेटिंग त्या मुलाला जुळवणं) आणि थेरपी करते. ताई, कुकरच्या शिट्टीवरून काही ठरवू नका, इथेच बरेच आईबाबा फसतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या कानात आवाज पडद्यावरून, मग मधल्या कानातल्या तीन हाडांवरून आत जातो, म्हणून मधल्या कानात पाणी किंवा पू साचला की ऐकायला कमी येतं आणि आईला संशय येतो. इम्प्लांटमध्ये आवाज त्या वाटेने जातच नाही. बाहेरच्या मशीनचा माईक आवाज घेतो, कॉइलमधून तो कातडीखालच्या भागाला मिळतो आणि तिथून इलेक्ट्रोडने थेट कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, नसेला. मधला कान पुवाने गच्च भरलेला असला तरी मूल शिट्टीला वळेल. म्हणजे ऐकू येतंय हे कान निरोगी असल्याचं लक्षण नाही, मशीन चालू असल्याचं आहे.

पण ती इलेक्ट्रोडची तार मधल्या कानातूनच पलीकडे गेलेली आहे, त्यामुळे "संबंध नाही" हे बरोबर नाही. तुमच्या मुलीच्या ऑपरेशनला तर दोन महिनेही पूर्ण झालेले नाहीत. टीमशी बोलणं होईपर्यंत वाट बघत बसू नका, जवळ मोठं हॉस्पिटल असेल तर निघा. डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड, तिन्ही बरोबर घ्या.

---

सांगलीची_आई | सोमवार, रात्री ११:३१

मॅडमचा फोन आला!! सर्जनशी बोलल्या. मिरजेला त्यांच्या ओळखीचे ईएनटी आहेत, तिथे आत्ताच न्यायला सांगितलंय, पुण्याला येण्यात वेळ घालवू नका म्हणाले. निघतोय. सासूबाई पण बरोबर येतायत, त्यांनीच बॅग भरली.

---

साधी_गोष्ट | मंगळवार, सकाळी ७:४०

राग मानू नका पण मला वाटतं इथे एका आईला रात्री अकरा वाजता जास्तच घाबरवलंय. माझ्या दोन्ही मुलांचे कान तीन वर्षांपर्यंत दर पावसाळ्यात दुखायचे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी प्रत्येक वेळी हेच सांगितलं की दोन तीन दिवस बघू, बरेचसे कान आपोआप बरे होतात, उठसूट अँटिबायोटिक नको. आणि ते बरोबरच होतं. आपल्याकडे अँटिबायोटिकचा अतिरेक आहे हे कुणी नाकारणार आहे का?

---

मिठूची_आई | मंगळवार, सकाळी ८:१५

तुमच्या मुलांच्या बाबतीत ते बरोबर होतं, पण तुमच्या मुलांच्या कानात तार नव्हती हो.

माझं सांगते. मुलगा तेव्हा ४ वर्षांचा, इम्प्लांटला दीड वर्ष होऊन गेलेलं, टाके, पट्टी सगळं विसरलो होतो आम्ही. गुरुवारी कान दुखतो म्हणाला, आम्ही अंगावर काढलं. घरात लग्न होतं, पाहुणे होते, तापाचं औषध दिलं की खेळायचा म्हणून वाटलं जाईल. शनिवारी सकाळी मशीन लावायला गेले तर कॉइल चिकटेना. लावली की पडायची. मला वाटलं मॅग्नेट बिघडला, अर्धा तास मी मॅग्नेट पुसत बसले, दुसरी कॉइल लावून बघितली. मग केस बाजूला करून नीट बघितलं तर कानामागची ती जी खोबण असते ना, जिथे आपण काजळाची तीट लावतो, ती खोबणच नव्हती. भरून आलेली. कान पंख्यासारखा बाहेर आला होता आणि समोरून बघितलं तर एक कान दुसऱ्यापेक्षा खाली. पोटात गोळा आला माझ्या.

मास्टॉइडायटिस, म्हणजे कानामागच्या हाडाचं इन्फेक्शन. ११ दिवस अॅडमिट, सलाईनमधून अँटिबायोटिक, कानामागे छेद देऊन पू काढला. इम्प्लांट वाचलं, देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत. सर्जन एवढंच म्हणाले की गुरुवारी आला असतात तर तोंडाने घ्यायच्या औषधावर काम झालं असतं बहुतेक. तो गुरुवार मी आजही विसरत नाही, म्हणून काल रात्री ताईंना तसं लिहिलं, घाबरवायला नाही.

---

कान_नाक_घसा | मंगळवार, दुपारी १:२०

मी ईएनटी सर्जन. ओपीडी संपली म्हणून आता लिहितोय. "साधी गोष्ट" यांचा मुद्दा चुकीचा नाही. दोन वर्षांवरचं निरोगी मूल, एकाच कानात दुखणं, ताप कमी, अशा वेळी ४८ ते ७२ तास थांबून बघणं ही मान्य पद्धत आहे. पण इम्प्लांट असलेल्या मुलांना ती लागू नाही. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१० साली याच विषयावर वेगळं धोरण काढलं. त्यात ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मधल्या कानाचं इन्फेक्शन झालं तर शिरेतून अँटिबायोटिक द्यावं असं आहे, आणि दोन महिन्यांनंतर, दुसरी काही गुंतागुंत नसेल तर, तोंडाने जास्त मात्रेत अॅमॉक्सिसिलिन किंवा अॅमॉक्सिक्लॅव देऊन बारीक लक्ष ठेवावं. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच ठरवायची, घरातली जुनी बाटली काढू नका.

दोन महिन्यांचं कारण असं की आपण इलेक्ट्रोड ज्या भोकातून कॉक्लियात सरकवतो तिथे सर्जन त्याच मुलाच्या ऊतीचा छोटा तुकडा भोवती बसवून भोक बंद करतो. ते पक्कं भरून यायला वेळ लागतो. तोवर मधल्या कानातल्या जंतूंना आतल्या कानात जायला तुलनेने सोपी वाट असते. आतल्या कानाचा मेंदूभोवतीच्या पाण्याशी संबंध असतो, त्यामुळे खरी भीती कानाची नाही, मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाच्या इन्फेक्शनची आहे. आतल्या कानाची रचनाच जन्मतः वेगळी असेल, उदाहरणार्थ मोंडिनी, तर धोका आणखी वाढतो. त्या मुलांच्या आईबाबांनी ते शब्द फाईलमधून शोधून पाठ करून ठेवावेत.

२००२ साली हा प्रश्न जगाच्या लक्षात आला. एका प्रकारच्या इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड घट्ट बसावा म्हणून पोझिशनर नावाचा छोटा तुकडा असायचा, तो असलेल्या मुलांमध्ये मेनिंजायटिस जास्त दिसला आणि तो प्रकार बाजारातून काढून घेतला गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेतला अभ्यास आला, ४,२६४ मुलांपैकी २६ जणांना मेनिंजायटिस झालेला, आणि न्यूमोकोकस नावाच्या जंतूमुळे होणाऱ्याचं प्रमाण त्या वयाच्या इतर मुलांच्या ३० पटींहून जास्त. आकडा ऐकून दचकू नका, ४,२६४ मधले २६ म्हणजे बहुतेक मुलांना काहीही झालं नाही. पण न्यूमोकोकसच्या लसीचा आग्रह एवढा का धरतो ते यातून कळेल.

आणि हो, इम्प्लांटमुळे कान जास्त वेळा फुटतात असं नाही. लहान मुलांची घसा आणि कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते म्हणून या वयात सगळ्याच मुलांना हे होतं. वाढलं की कमी होतं.

---

सांगलीची_आई | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांना मनापासून नमस्कार. मिरजेत अॅडमिट आहोत. रात्री दीडला पोचलो, डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली कान बघितला तर पडदा लालबुंद आणि बाहेर फुगलेला होता, टॉर्चने ते दिसणारच नव्हतं म्हणाले. रात्रीच सलाईनमधून पहिला डोस गेला. आज सकाळी थोडं बेशुद्ध करून पडद्याला बारीक छेद देऊन पू काढला, तपासायला पाठवलाय. ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना त्यांनी पुण्याच्या सर्जनना व्हिडिओ कॉल लावला होता. मान आखडलीय का, उजेड नको वाटतोय का, उलट्या, गुंगी, दर काही तासांनी नर्स येऊन बघतात. यातलं काही नाहीये अजून. ताप ९९.

लसीचं कार्ड बघितलं त्यांनी. पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकोकसच्या लसीचे, तीन डोस आहेत, सरकारी दवाखान्यातलेच, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने. म्हणाले हे चांगलंय पण दोन वर्षांनंतरची दुसरी लस दिसत नाही. मला ऑपरेशनच्या आधी कुणीतरी सांगितलं होतं बहुतेक, पण तेव्हा एमआरआय, सीटी, पैसे, मंजुरीची कागदपत्रं एवढं सगळं एकदम चाललेलं की कुठेतरी राहून गेलं. वाईट वाटतंय खूप.

---

जर्सीतला_बाबा | मंगळवार, रात्री ११:३०

वाईट वाटून घेऊ नका ताई, कागदांच्या त्या ढिगाऱ्यात आम्ही पण हरवलो होतो. आमची मुलगी ६ वर्षांची, दोन्ही कानांना इम्प्लांट, आम्ही न्यू जर्सीत असतो. इथे सर्जनच्या ऑफिसने लसीचं कार्ड बघितल्याशिवाय ऑपरेशनची तारीखच दिली नाही, लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण हव्यात असा त्यांचा आग्रह होता.

त्याच जंतूवरच्या त्या दुसऱ्या लसीचं नाव पीपीएसव्ही २३. ती दोन वर्षांच्या आतल्या बाळांना नीट लागू पडत नाही म्हणून दोन वर्षांनंतर देतात, आणि शेवटच्या पीसीव्हीनंतर किमान ८ आठवडे जावे लागतात. आता पीसीव्ही २० पण आलीय, ती मिळाली असेल तर पीपीएसव्ही लागत नाही असं आम्हाला सांगितलं. ९ महिन्यांनंतर पीसीव्हीचा आणखी एक डोस हवा का ते तुमचे डॉक्टर कार्ड बघून ठरवतील. शिवाय दरवर्षी फ्लूची लस, कारण कानाचं दुखणं बहुतेक वेळा सर्दी-फ्लूच्या मागून येतं. हिब या जंतूवरची लस बाळपणीच्या पेंटाव्हॅलंट लसीतच झालेली असेल. आणि घरातल्या मोठ्यांनी पण फ्लूची घ्या, आजीआजोबांसकट.

---

दोन_यंत्रं | बुधवार, दुपारी ४:०५

मी १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. वयाच्या तिसऱ्या वर्षी इम्प्लांट झालं माझं. आईबाबांनी लिहिलंय सगळं म्हणून मुलाच्या बाजूने लिहितो.

मला ६ वर्षांचा असताना कान फुटलेला आठवतो. तेव्हा माझे शब्द कमी होते. "दुखतंय" हा शब्द मला येत होता पण तो गुडघा फुटल्यावरचा शब्द होता, रक्त दिसतं तो. आत काहीतरी ठोकतंय, डोकं जड झालंय, याला पण दुखणं म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मी फक्त मशीन काढून फेकत होतो. घरच्यांना वाटलं हट्ट करतोय, थेरपी नको म्हणून. थेरपीच्या बाईंनी परत परत लावलं आणि कॉइलचा दाब बरोबर दुखऱ्या जागी यायचा.

म्हणून विनंती, जे मूल रोज आवडीने मशीन लावतं ते अचानक काढून टाकायला लागलं तर आधी कान आणि कॉइलखालची कातडी बघा, मग रागवा. आणि थेरपीत रंग, फळं शिकवता त्याच्या आधी दुखणं शिकवा. माझ्या आईने नंतर बाहुलीच्या कानाला लाल टिकली लावून "आई ग, आत दुखतंय" असा खेळ घेतला, तो माझ्या अजून लक्षात आहे.

---

वाचा_श्रवण | बुधवार, संध्याकाळी ६:३०

हे वाचून डोळे भरून आले, उद्यापासून माझ्या सगळ्या मुलांबरोबर लाल टिकलीचा खेळ घेणार.

थोडी भर घालते. कॉइलखाली किंवा कानामागे लाली, सूज असेल तर त्या काळात मशीन लावू नका, टीमला विचारून परत सुरू करा. सूज नसेल आणि मूल लावू देत असेल तर लावायला हरकत नसते, ऐकण्याचा सराव तुटत नाही. बरं झाल्यावर एकदा मॅपिंग तपासून घ्या, इन्फेक्शनच्या काळात इलेक्ट्रोडचे आकडे बदललेले मी पाहिलेत. आणि दुसऱ्या कानात हिअरिंग एड असेल तर तिथे उलट होतं, त्या कानात पाणी साचलं की मूल खरंच कमी ऐकतं. हिअरिंग एडचा कानात बसणारा भाग, मोल्ड, कान वाहत असताना घालू नका, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून मगच घाला, नाहीतर तोच पू परत आत जातो.

---

रत्नांग्रीचो_बाबा | बुधवार, रात्री १०:१५

माझा प्रश्न वेगळा आहे पण इथेच विचारतो. मुलगा १४ महिन्यांचा, दोन्ही कानांनी जन्मापासून ऐकू येत नाही. इम्प्लांटची तारीख मिळाली होती पण पावसाळाभर त्याचे कान वाहतायत, एक बरा झाला की दुसरा. परवा सर्जननी तारीख पुढे ढकलली, म्हणाले आधी ग्रोमेट घालू, अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) पण बघू, कान कोरडा झाल्याशिवाय इम्प्लांट करणार नाही. घरात सगळे निराश आहेत. एकेक महिना महत्त्वाचा म्हणतात आणि आम्ही असे थांबलोय. बरोबर करतायत का ते?

---

कान_नाक_घसा | गुरुवार, सकाळी ६:५०

बरोबर करतायत. पू असलेल्या कानात इम्प्लांट बसवलं आणि जंतूंनी त्यावर थर धरला तर तो औषधाने निघत नाही, मग कधी कधी इम्प्लांटच काढावं लागतं. तसं झालं तर मुलाचं वर्ष वाया जातं, त्यापुढे हे सहा-आठ आठवडे काहीच नाहीत. ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवलेली बारीक नळी, आतलं पाणी बाहेर येतं, हवा खेळते, साधारण ६ ते १८ महिन्यांत ती आपोआप पडते. आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नका. मधल्या काळात कान कोरडे असतील तेव्हा हिअरिंग एड आणि थेरपी चालू ठेवा, तो वेळ फुकट जात नाही.

बाळ आडवं झोपून बाटलीने दूध पितं का? ते बंद करा, डोकं वर धरून पाजा. घरात विडी-सिगारेट, चुलीचा धूर, आणि आपल्याकडे बाळाला ओव्याची धुरी देतात ती, हे सगळं कानाला वाईट. आजींना प्रेमाने सांगा.

एक गोष्ट इम्प्लांट झालेल्या सगळ्यांसाठी, पुढे कधी टॉन्सिल, अॅडेनॉइड, दात, काहीही ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्यांना आणि सर्जनना आधी सांगा. डोक्या-मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायचं विजेवरचं एक साधन, वापरायची नसते. एमआरआयच्या आधी पण इम्प्लांटमधल्या मॅग्नेटचं सांगा.

---

साधी_गोष्ट | गुरुवार, सकाळी ९:००

मी सगळं वाचलं. मला इम्प्लांट म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं, माझ्या अनुभवावरून बोलले. सांगलीच्या ताई, मुलगी कशी आहे?

---

सांगलीची_आई | शनिवार, दुपारी ३:३०

बरी आहे! पुवाचं कल्चर (जंतूंची तपासणी) आलं, न्यूमोकोकसच निघाला, चालू असलेलं औषध त्याला लागू पडतंय. ताप गेला, काल कानावरून हात काढला तिने आणि चक्क त्या कुशीवर झोपली, मी आणि सासूबाई दोघी बघत बसलो होतो. अजून काही दिवस सलाईन, मग तोंडाने औषध, मग पुण्याला जाऊन दाखवायचं आणि मॅपिंग. लसीचं ठरलंय, पूर्ण बरी झाली की आधी पीसीव्हीचा एक डोस आणि त्यानंतर ८ आठवड्यांनी पीपीएसव्ही २३. तारखा सासूबाईंनी कालनिर्णयवर लिहून घ्यायला लावल्या.

हॉस्पिटलमध्ये बसल्या बसल्या एक कार्ड केलं, लॅमिनेट करून मशीनच्या पिशवीला आणि अंगणवाडीच्या दप्तराला बांधणार आहे, कारण त्या दिवशी डॉक्टरांसमोर मला धड सांगता आलं नाही. कुणाला हवं तर घ्या:

"माझ्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे. ऑपरेशनची तारीख ____. कान दुखणं, कान वाहणं, तापाबरोबर कानाला हात नेणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी कान मायक्रोस्कोपखाली बघा आणि या नंबरवर फोन करा ____. कानामागे सूज, मान आखडणं, उलट्या, गुंगी असेल, किंवा कानातून-नाकातून पाण्यासारखं येत असेल तर थेट हॉस्पिटल. कानात तेल घालू नका. मशीनमधून मला ऐकू येत असलं तरी कान आजारी असू शकतो. झालेल्या लसी: ____. एमआरआय आणि कॉटरीच्या आधी विचारा."

---

रत्नांग्रीचो_बाबा | शनिवार, संध्याकाळी ७:२०

घेतलं ताई. खाली ग्रोमेटची एक ओळ वाढवली, "कानात पाणी जाऊ देऊ नका". ऑपरेशनच्या तारखेची जागा रिकामीच ठेवलीय, बुधवारी ग्रोमेट आहे.

---

सांगलीची_आई | शनिवार, संध्याकाळी ७:४१

बुधवारी झालं की लिहा इथे. वाट बघतोय आम्ही.